महिपतीची येणारी पाटी

महिपती म्हात्रेला 'थांब जरा' हे नाव मी ठेवलं, आणि रोह्याजवळच्या धाटावच्या आमच्या कंपनीत ते गेटपासून बॉयलरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. कोणी काही विकत घ्यायला निघालं की महिपती आडवा आलाच. रंगीत टीव्ही घेतोस? थांब जरा, वर्ल्ड कप संपू दे. स्कूटर घेतोस? थांब जरा, नवीन मॉडेल येतंय, मग जुनं घ्या म्हणून मागे लागतील. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो एवढ्याचसाठी, की दर वेळी त्याचंच खरं व्हायचं. मी घाईने टीव्ही घेतला, आणि चौथ्या महिन्यात त्याने तोच टीव्ही माझ्यापेक्षा दोन हजारांनी स्वस्त आणला.

मी कासूचा विठू, कंपनीत बॉयलरवर. महिपती पेणचा, इन्स्ट्रुमेंट खात्यात मेकॅनिक. पहिल्या शिफ्टला आम्ही एकाच गाडीने रोह्याला जायचो. तो पेणला चढून खिडकी धरायचा आणि मी कासूला चढलो की शेजारची पिशवी उचलून मला जागा द्यायचा. त्या गाडीत आम्ही जेवढं भांडलो तेवढं मी बायकोशीही भांडलो नसेन.

त्याची ही खोड आली कुठून ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे घरच्या गणपतीचा पाट महिना-दोन महिने आधी मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतात. पाटाखाली खडूने नाव लिहायचं, मूर्ती कोणती ते सांगायचं, विडा ठेवायचा, झालं. महिपतीने जन्मात कधी पाट आधी दिला नाही, त्याच्या बापानेही दिला नव्हता. हरतालिकेच्या संध्याकाळी घरातल्या बायका उपास धरून बसलेल्या असताना हा पाट काखेत मारून पेणच्या बाजारात निघायचा. त्या वेळी उरलेल्या मूर्तींना गिऱ्हाईक नसतं. उद्याची चतुर्थी गेली की ती मूर्ती वर्षभर माळ्यावर पडणार हे विकणाऱ्याला माहीत असतं, आणि महिपतीलाही माहीत असतं. अर्ध्या किमतीत मोठा गणपती घेऊन तो ऐटीत घरी यायचा. "दिवस त्याचा भरतो, आपला नाय. घाई त्याला हाय," हे त्याचं सगळं शास्त्र.

त्याचा सासरा जनू स्वतः पेणजवळच्या जोहे गावचा मूर्तिकार. तो बिचारा दर वर्षी सांगायचा, "जावईबुवा, पाट तेवढा येळेवर द्या, मूर्ती मी फुकट देतो." महिपती नुसता हसायचा. फुकटात त्याला गोडी नव्हती. वाट बघून, समोरच्याला घाम फोडून मिळालं तरच त्याला ते मिळाल्यासारखं वाटायचं.

आणि अशा माणसाच्या घरात सगुणावहिनी होती. पेणपासून कासूपर्यंतच्या गावांत तिचं नाव महिपतीपेक्षा मोठं, कारण ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई आल्याशिवाय काही सुरू होत नाही. वहिनी वयाने लहान, पण आवाज असा की मांडवाच्या टोकाला जेवणाऱ्या पंगतीने हात थांबवावा. तशीच ती घरातही बोलायची, मोठ्याने, हात हलवत. मी दारात दिसलो की आतूनच ओरडायची, "भावोजी, चहा घेतल्याबिगर जायचं नाय!"

त्र्याण्णवच्या वैशाखात माझ्या पुतणीच्या लग्नात धवला म्हणताना तिची जीभ अडखळली. एकदा नाही, तीनदा. बायका म्हणाल्या, दमली असेल. आषाढापर्यंत बोलणं जड झालं. महिपती तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीत, कासू आणि नागोठण्याच्या मध्ये, खिडकीबाहेर बघत त्याने मला सांगितलं. नसांचा आजार आहे. आधी जीभ जाणार, मग हात, मग पाय. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहणार. औषध नाही. तीन वर्षं, फार तर चार.

मी तोंडाळ माणूस. त्या दिवशी रोहा येईपर्यंत मी त्याची पिशवी माझ्या मांडीवर धरून बसलो.

पंधरा दिवसांनी तो गाडीत बसला होता तो चेहरा उजळून. इंजिनियर साहेबांच्या केबिनमधून आणलेलं एक इंग्रजी मासिक त्याने माझ्या मांडीवर ठेवलं. त्यात एका कॉम्प्युटरचा फोटो होता. टाइपरायटरसारखी बटणं नाहीत, खालचं मोठं खोकं नाही. शाळेतल्या पाटीएवढी नुसती काच. तिच्यावर बोट टेकवायचं, की यंत्राला कळतं.

"बघ," तो म्हणाला, "या काचेवर चौकोन करायचे. एकेका चौकोनात एकेक शब्द, सगुणाच्या आवाजात भरून ठेवायचा. जीभ गेली तरी बोट लावलं की तिचाच आवाज येनार. कळतंय काय तुला? तिचाच आवाज."

मला कळलं. मी म्हटलं, "मग बघतोस काय? आजच्या आज घे."

"थांब जरा," महिपती म्हणाला.

पैसे नव्हते असं कोणी समजू नये. धरमतरच्या खाडीकाठचं त्याच्या वडिलांचं मिठागर एका कंपनीच्या जेटीत गेलं होतं आणि ती रक्कम बँकेत पडून होती. ही काचेची पाटी तेव्हा सव्वा लाखाला पडत होती. जड होती, पण त्याच्या आवाक्यात होती. आमच्या कंपनीचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला मुंबईहून मितेश नावाचा एक माणूस दोन-तीन महिन्यांनी येई. तो बाहेरून पाटी मागवून द्यायला तयार होता. पण महिपतीचं गणित सुरू झालं होतं. शिफ्टच्या लॉगशीटच्या पाठीवर तो मला आखून दाखवायचा. आत्ताच्या पाटीत थ्री एटी सिक्स प्रोसेसर आहे, त्याला आवाज झेपणार नाही, अडकत अडकत येईल. मोठ्या कॉम्प्युटरात पेंटियम येतोय. तो आला की फोर एटी सिक्स उतरणार. उतरला की तो पाटीत बसवणार. वर बजेटात कस्टम ड्युटी कमी होणार. म्हणजे दीड वर्षात चांगली पाटी नव्वदला, आणि सत्त्याण्णवपर्यंत तीच चाळीसच्या आत. त्याने तो कागद घडी करून पाकिटात ठेवला.

मी म्हटलं, "बरं, पाटी येईल तेव्हा येईल. घरात टेपरेकॉर्डर आहे ना? वहिनी अजून बोलते, तोवर कॅसेट भरून ठेव."

"कॅसेट पुढे-मागे करत कोन बसनार? पानी पायजे म्हनून तासभर शोधायचं? आनि कॅसेट घासते, आवाज चिरका होतो. पाटीत एकदाच साफ भरू."

त्याची मुलगी मनाली तेव्हा अकरा वर्षांची. तिने एकदा कोरी कॅसेट घालून आईच्या पुढ्यात टेप ठेवला होता. वहिनीने चार शब्द बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात महिपती घरात आला आणि त्याने बटण बंद केलं. "दमवू नको गो तिला. पाटी आली की बोलू दे." त्या मुलीने मला हे सांगितलं तेव्हा मला महिपतीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवायला हवी होती.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत वहिनीचा आवाज पूर्ण गेला. नुसता घुसमटलेला हुंकार राहिला. मग महिपती आणि मी तिने गाजवलेल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी मागत गावोगाव फिरलो. सगळ्या कॅसेटींत बँड. जिथे बँड नाही तिथे शूटिंगवाल्याने वरून सिनेमाची गाणी चढवलेली. एका कॅसेटमध्ये वहिनी दिसते, तोंड हलतं, आणि ऐकू येतं भलतंच. धवले जोह्याच्या दोन बायकांना तिने शिकवले होते, म्हणून गाणी हरवण्याची मला काळजी नव्हती. पण दारातून चहाला ओरडणारा तो आवाज आता कुठे मिळणार होता? परतताना महिपती म्हणाला, मनालीच्या आवाजात शब्द भरू, आवाज मायलेकींचा सारखाच आहे. तो सारखा नव्हता.

पंच्याण्णव साली तो म्हणाला होता तशीच फोर एटी सिक्सची पाटी आली. किंमतही त्याने सांगितली होती तीच, नव्वद हजार. वहिनीचा उजवा हात तोवर लुळा पडत चालला होता, पण डाव्या हाताने ती मनालीच्या लहानपणच्या शाळेच्या पाटीवर खडूने मोठी वाकडी अक्षरं काढायची. बोट व्यवस्थित चालत होतं. मितेश कंपनीत आला तेव्हा मी मुद्दाम बॉयलर सोडून वर गेलो. मितेश म्हणाला, "महिपतीभाई, वहिनीसाठी घेताय ना? मी माझं कमिशन सोडतो. घेऊन टाका."

दुसऱ्या कोणी उपकार मानून मितेशचे हात धरले असते. महिपतीने मला डोळा मारला. जिन्यावर आल्यावर म्हणाला, "बघितलास? सोडायला लागला. म्हंजे माल खपत नाय. आता अजून धरायचं."

हरतालिकेच्या संध्याकाळी मूर्तीवाला किंमत सोडू लागला की महिपती दोन पावलं मागे सरायचा, तसाच तो मितेशपासून मागे सरला. माणूस दया करतोय हे त्याला दिसलंच नाही. त्याच्या बाजारात दया करणारं कोणी नव्हतं.

मी रोह्याच्या फलाटावर त्याला सगळ्यांसमोर झाडलं. "अरे, दिवस दुकानदाराचा भरत नाय, तुझ्या बायकोचा भरतोय! इथे हरतालिका तुझ्या घरात हाय!" फलाटावरच्या भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. महिपती पिशवी काखेत मारून चालू लागला. नंतर दोन आठवडे त्याने माझ्यासाठी जागा धरली नाही. तिसऱ्या आठवड्यात धरली, आणि मी बसताच पिशवीतून नवीन मासिक काढलं.

मी त्याला लोभी म्हणत आलो, पण ते खरं नव्हतं. पैशासाठी तो थांबत नव्हता हे मला फार उशिरा कळलं. पाटी जोवर येणार होती तोवर सगुणा बोलणार होती. पाटी घेतली असती तर ती तिच्यासमोर ठेवावी लागली असती. मग दोन-चार शब्दांपलीकडे ते यंत्र काही करत नाही, हे बघावं लागलं असतं, आणि पुढे वाट बघायला काही उरलं नसतं. महिपतीला वाट बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. बापाने त्याला तेवढंच शिकवलं होतं.

त्या वर्षीच्या थंडीत मी घरी गेलो होतो. वहिनी खाटेवर टेकून बसलेली, मांडीवर खडूची पाटी. महिपती मला पाकिटातल्या कागदावरचे आकडे दाखवत होता. वहिनीने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि मनालीने ती पाटी बापाच्या हातात दिली. मीही वाचलं. "मशीन नको. जवळ बसा."

"पैशाची काळजी करते," महिपती मला म्हणाला. मग तिच्याकडे बघून जरा मोठ्याने, जणू तिचे कानही गेले असावेत, "काळजी नाय करायची गो. उतरनार हाय." त्याने ओल्या फडक्याने पाटी पुसून तिला परत दिली. वहिनीने पुन्हा तेच लिहायला घेतलं, पण खडू हातातून पडला.

शहाण्णवच्या पावसात बोटं गेली. खडूही गेला. मनालीने वहीच्या पुठ्ठ्यावर अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं लिहिली. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत जायची, आणि हवं ते अक्षर आलं की वहिनी पापणी मिटायची. एका शब्दाला पाव तास लागे. मुलगी शाळेतून आली की गणवेश न बदलता खाटेशी बसायची. मायलेकींचं काय बोलणं व्हायचं ते मी विचारलं नाही. महिपती एकदा त्या पुठ्ठ्यापाशी बसला, तीन अक्षरं झाली आणि उठला. म्हणाला, "यापेक्षा पाटी बरी. येतेच हाय आता."

सत्त्याण्णवच्या जानेवारीत कंपनीत मितेशचा फोन आला. ते मॉडेल बनवणं बंद झालं होतं. शेवटचे नग उरले होते, अडतीस हजार. महिपतीने पाकिटातून तो घडीचा कागद काढून सगळ्या खात्याला दाखवला. साल बरोबर, प्रोसेसर बरोबर, किंमतही बरोबर. त्याने कंपनीत पेढे वाटले. मी माझा पेढा भट्टीत टाकला.

पुढच्या रविवारी दुपारी त्याने मला घरी बोलावलं. मी जाणार नव्हतो, पण बायको म्हणाली, वहिनीसाठी जा. वहिनीला उशांच्या आधाराने बसवलं होतं. अंगावर ठेवणीतलं लुगडं, केसांत वेणी. हे सगळं मनालीने केलं असणार, पण सांगितलं महिपतीने. वहिनीच्या अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. हात मांडीवर ठेवलेले होते, कोणी ठेवले तसेच. फक्त डोळे हलत होते. मी दारात दिसलो तेव्हा ते माझ्याकडे आले आणि थांबले. मला वाटलं आता हाक येईल. इतकी सवय होती मला.

तिच्यासमोर लाकडी पाटावर ती काच उभी केली होती. खरंच सुंदर वस्तू होती. करड्या काचेवर आठ चौकोन, प्रत्येकात मराठी शब्द. मितेशने दोन दिवस खपून ते करून दिलं होतं. पाणी. जेवण. दुखतंय. कूस बदला. असे आठ.

"बघ हं विठू," महिपती म्हणाला. त्याने वहिनीचा डावा हात उचलला, तिची तर्जनी आपल्या दोन बोटांत सरळ धरली आणि 'पाणी'वर टेकवली.

"पाणी," यंत्रातून मनालीचा आवाज आला.

"मागितलंन! ऐकलास?" महिपती लगबगीने उठला, तांब्यातलं पाणी वाटीत घेतलं आणि चमच्याने तिच्या ओठांशी नेलं. वहिनीचे ओठ मिटलेले होते. पाणी हनुवटीवरून ओघळून लुगड्यावर सांडलं.

"बाबा, तिला पानी नकोय," मनाली भिंतीपाशी उभी होती तिथून म्हणाली. "तिच्या डोळ्यांकडे बघा ना. ती नाय म्हनते."

"तुला काय कळतं? आताच मागितलंन ना तिने?" त्याने टॉवेलने वहिनीची हनुवटी टिपली, अगदी हळुवार. मग तो माझ्याकडे वळून हसला, आणि मला दिसलं की त्याला सगळं कळतंय. चार वर्षं मी या माणसावर ओरडत होतो. मी उठून त्याचा हात धरायला हवा होता. मी बसून राहिलो.

वहिनीने डोळे मिटले. झोपली नव्हती, पापण्यांतून पाणी आलं.

महिपतीने तिचं बोट पुन्हा उचललं. खालच्या ओळीतला शेवटचा चौकोन त्याने स्वतःसाठी करून घेतला होता. त्यावर ते बोट त्याने टेकवलं आणि आपल्या हाताने दाबलं.

"अहो," मनालीचा आवाज म्हणाला.

"काय गो?" महिपती म्हणाला. तो खाटेवर तिच्या अगदी जवळ सरकून बसला आणि तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघू लागला.